निळे पाते

रूबेन ऑक्सलीने उजळलेले पाते उचलण्याआधी चिमटाच निखाऱ्यात खुपसला, तसा सराईच्या अंगणात हशा पिकला.

“अरे, पातं तापवायचं असतं, चिमटा नाही!” कोणीतरी ओरडले.

“तापवू दे रे. पाच वर्षांत तेवढंच शिकवलंय त्याला.”

इनॉक स्टॅनिफोर्थ हसला नाही. नालबंदाच्या भट्टीपासून चार हातांवर, हात मागे बांधून तो उभा होता. रूबेन त्याच्याकडे धंदा शिकणारा उमेदवार. चौदाव्या वर्षी त्याच्या घरी आलेला, त्याच्या माळ्यावर झोपणारा, त्याच्या चुलीवरची ओटची भाकरी खाऊन वाढलेला. आणि आज त्याच्याच विरुद्ध तक्रार घेऊन न्यायाधीशापुढे उभा राहिलेला. लोक रूबेनला हसताहेत की आपल्याला, हे इनॉकला नीट कळत नव्हते.

सोमवार होता. रविवारी चर्च, सोमवारी दारू, मंगळवारी डोकेदुखी आणि बुधवारपासून काम, असा शेफील्डच्या कारागिरांचा आठवडा. सोमवारी हातोडा उचलणाऱ्याकडे शेजारी संशयाने बघत. त्यामुळे सुऱ्यावाले, कात्रीवाले, पाणचक्क्यांवर पाती घासणारे असे निम्मे गाव हा फुकटचा तमाशा बघायला जमले होते. काहींनी हातात पेलेही आणले होते.

भांडण तसे जुनेच, घरोघरी होणारे. उमेदवारीच्या करारात मालक कबूल करतो की सात वर्षांत या मुलाला धंद्यातले सगळे शिकवीन. आणि मुलगा कबूल करतो की मालकाचा हुकूम मानीन, त्याची गुपिते राखीन, दारूच्या पिठ्यात जाणार नाही, सात वर्षे संपेपर्यंत लग्न करणार नाही. दोन्हीकडून थोडीफार लबाडी चालते आणि वर्षे निघून जातात. इनॉकने रूबेनला पोलाद ठोकायला शिकवले, कानशीने घासायला शिकवले, वस्तऱ्याला मूठ बसवायला शिकवले. फक्त पाणी द्यायला शिकवले नव्हते.

वस्तऱ्याचा सगळा जीव त्या पाण्यात असतो. पाते लालबुंद करून पाण्यात विझवले की ते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच तुटते. इतके कोणालाही जमते. खरे काम पुढचे. ते कडक पाते दगडावर घासून उजळायचे आणि मंद आचेवर पुन्हा हळूहळू तापवायचे. मग त्या उजळ पोलादावर रंग चढू लागतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. वस्तरा गवताच्या रंगावर विझवला तर वर्षानुवर्षे धार धरतो. क्षणभर उशीर झाला की संपले. निळा झालेला वस्तरा दाढीच्या खुंटांपुढेही मान टाकतो.

हे काम इनॉक घरामागच्या अंधाऱ्या खोलीत, कातड्याचा पडदा ओढून, एकटा करी. त्याचे वस्तरे लंडनला जात ते त्या खोलीमुळे. त्याचा पहिला उमेदवार ही विद्या शिकला आणि करार संपताच नदीपलीकडे दुकान थाटून त्याची गिऱ्हाइके घेऊन गेला. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इनॉकने मनाशी पक्के केले. रूबेनला तो म्हणे, “सातव्या वर्षी बघू.” सातव्या वर्षीही बघणार नव्हता, हे त्याला स्वतःला ठाऊक होते.

रूबेन पाच वर्षे त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्याने मागितले ते वेगळेच.

“मालक, मला करारातून मोकळं करा,” पंधरवड्यापूर्वी जेवता जेवता तो म्हणाला होता.

“का? काय झालं?”

“लग्न करायचंय.”

“दोन वर्षांनी कर. तोपर्यंत जरा मिशाही फुटतील.”

“दोन वर्षं थांबता येणार नाही.”

इनॉकची बायको डॉर्कस सूप वाढता वाढता थबकली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “चक्कीवाल्या ब्रॅमलची फीबी. दिवस गेलेत तिला. सगळ्या गल्लीला माहीत आहे, एक तुम्ही सोडून.”

“मग ते तिच्या बापाने बघावं,” इनॉक म्हणाला. “करार म्हणजे करार.”

“पोर इस्टरच्या आधी येईल हो. लग्नाशिवाय झालं तर लोक त्या मुलीला जगू देतील का?”

“मी सांगितलं होतं का त्यांना?”

इनॉक वाईट माणूस नव्हता. पण लंडनच्या मागणीची मुदत डोक्यावर होती, आणि रूबेनसारखा हात साऱ्या शेफील्डात दुसरा नव्हता. असा हात कोणी आपणहून सोडून देत नाही. डॉर्कसने त्या रात्रीपासून नवऱ्याशी बोलणे कमी केले, तेही त्याने चालवून घेतले.

मग रूबेनने एकच रस्ता उरला होता तो धरला. मालकाने धंदा शिकवला नाही असे सिद्ध झाले, तर न्यायाधीश करार मोडू शकतो.

आज सकाळी सराईच्या दिवाणखान्यात न्यायाधीश हॉलिंगवर्थसाहेब खटला ऐकायला बसले. त्यांनी तक्रार वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “स्टॅनिफोर्थ, हा म्हणतो तुम्ही याला पात्याला पाणी द्यायला शिकवलं नाही. खरं का?”

“सगळं शिकवलंय, साहेब,” इनॉक म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. चर्चमधला पुढच्या बाकावरचा माणूस तो. आजवर गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटे बोलला नव्हता. पण भरल्या खोलीत ‘नाही शिकवलं’ म्हणायला जीभ रेटली नाही.

“आणि तू काय म्हणतोस?” साहेबांनी रूबेनला विचारले.

“मला त्या खोलीत कधीच येऊ दिलं नाही, साहेब.”

“मग एवढा खल कशाला? हातच्या कांकणाला आरसा नको. अंगणात नालबंदाची भट्टी आहे. तिथे याने आम्हा सगळ्यांसमोर एका वस्तऱ्याला पाणी द्यावं.” साहेबांनी बोट वर केले. “नीट झालं, तर याला शिकवलंय आणि तक्रार खोटी. मग मुला, एक महिना तुरुंगात ताग कुटायचा आणि पुन्हा मुकाट्याने मालकाकडे जायचं. बिघडलं, तर करार रद्द. आणि स्टॅनिफोर्थ, तुमच्याकडे कोणी आपला मुलगा का पाठवावा, हे मग गावाने ठरवावं. पारख करायला हे ट्रिकेट आहेतच.”

अमॉस ट्रिकेट म्हणजे जेवणाचे काटे बनवणारा, गावातला सगळ्यात मोठा आवाज आणि इनॉकचा जुना हितशत्रू. तो खूश झाला. इनॉक मात्र खिडकीतून अंगणातल्या भट्टीकडे बघत राहिला. आपण शिकवलेच नाही ते या मुलाला येणार कुठून? आपल्याच खोटेपणाने आपल्याला भर अंगणात आणून उभे केले होते, आणि आता पळायला वाट नव्हती.

अशा रीतीने तो भट्टीपाशी उभा होता. पाते लाल करून विझवण्याचा पहिला भाग बिनबोभाट पार पडला होता. दगडावर घासून रूबेनने ते आरशासारखे उजळले होते. आता चिमटा तापला, तसा त्याने तो बाहेर काढला, गालाजवळ नेऊन त्याची धग बघितली आणि मग पात्याचा मुठीत बसणारा देठ त्यात पकडला. भट्टीवरच्या लोखंडी पाटावर त्याने पात्याची जाड पाठ टेकवली.

“दार ओढून घ्या जरा,” तो म्हणाला. “उजेड फार आहे.”

नालबंदाने भट्टीच्या छपरीचे अर्धे दार लोटले. बाहेरचे लोक कुरकुरत पुढे सरकले. इनॉकही दोन पावले पुढे गेला. उजेड कमी हवा हे याला कोणी सांगितले, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण कातड्याचा पडदा तर सगळ्यांनीच पाहिलेला होता.

पाते तापू लागले. रूबेनचे मनगट हलत होते, इतके थोडे की बघणाऱ्याला ते थरथरतेय असे वाटावे. तो पाते पाटावरून सरकवत होता, टोक मध्येच उचलत होता, पुन्हा टेकवत होता. टोक पातळ असते, ते आधी तापते. म्हणून ते सांभाळावे लागते. इनॉकला हे कळायला स्वतःला चार वर्षे लागली होती. त्याने मागे बांधलेले हात सोडले.

पाठीवर पहिला पिवळेपणा दिसला. तो हळूहळू धारेकडे उतरू लागला. उतरत असताना वाकडा झाला नाही, फाटला नाही. इनॉकला श्वास घ्यायचे भान राहिले नाही. त्याला कळून चुकले की या मुलाला येते. कुठे शिकला, कसा शिकला, देव जाणे. सोमवारी नदीकाठी ब्रॅमलच्या पाती घासायच्या चक्कीवर जायचा तो एकाच कामासाठी जातो, असे सगळ्यांना वाटत होते. तिथे ब्रॅमलची एक लहानशी भट्टी होती. तुटक्या पात्यांचा तिथे तोटा नव्हता.

आणि त्याच क्षणी इनॉकला आनंद झाला. आपण जिंकलो! पाते नीट उतरणार, तक्रार खोटी ठरणार, सकाळचे खोटे खऱ्यात जमा होणार. त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

रंग धारेपर्यंत पोचला. वाळल्या गवताचा, कापणीनंतरच्या शेतासारखा. आत्ता. इनॉकचा उजवा हात नकळत खाली गेला, समोर पाण्याची बादली असावी तसा. रूबेनचे मनगटही क्षणभर आवळले. त्याने रंग पाहिला होता. भट्टीच्या उजेडात त्याचे डोळे इनॉकला स्पष्ट दिसत होते.

रूबेन थांबला. पाते त्याने पाटावरच ठेवले.

पिवळ्याचा तपकिरी झाला. रूबेनच्या कपाळावरून घाम ओघळून नाकावर आला, तो त्याने पुसला नाही. तपकिरीचा जांभळा झाला. मग निळा आला, आणि पाते पाण्यात चुरचुरले.

“झालं,” रूबेन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

ट्रिकेटने पाते उचलून उजेडात धरले आणि तो खदखदून हसला.

“निळं! साहेब, हे घड्याळाच्या कमानीला चांगलं. दाढीला नाही.” त्याने पात्याची धार आपल्या अंगठ्याच्या नखावर दाबली. धार वाकली ती वाकलीच. “बघा. लोण्यातून काढल्यासारखं मऊ. या पोराला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पाच वर्षं काय भांडी घासायला ठेवला होता की काय, इनॉक?”

अंगणात पुन्हा हशा उठला. “स्टॅनिफोर्थचा वस्तरा, बाळाच्या गालालाही इजा नाही!” कोणीतरी विक्रेत्याची नक्कल केली. रूबेन मान खाली घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. विहिरीपाशी एक मुलगी शालीत हात गुंडाळून उभी होती. ती हसत नव्हती. फीबीच असणार, इनॉकच्या लक्षात आले.

“बघू,” इनॉक म्हणाला आणि त्याने ट्रिकेटच्या हातातून पाते घेतले.

त्याने ते टोकापासून देठापर्यंत बघितले. मग उलटून बघितले. निळा रंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखा होता. कुठे ठिपका नाही, कुठे ओघळ नाही. इनॉकच्या स्वतःच्या वस्तऱ्यांवर देठापाशी नेहमी एक फिकट डाग राही, तांदळाच्या दाण्याएवढा. तिथे पाणी नीट बसत नसे. इतकी वर्षे तो डाग मुठीत लपवावा लागे. देठाचे पोलाद जाड, म्हणून असे होते, अशी त्याने समजूत करून घेतली होती. या पात्यावर तो डाग नव्हता. चिमटा थंड असला की तो देठाची ऊब खातो. इतकी साधी गोष्ट. आणि गाव चिमट्याला हसले होते.

ज्याला येत नाही त्याचे पाते असे बिघडत नाही. त्याचे कुठे पिवळे राहते, कुठे जांभळे होते, टोक काळे पडते. हे पाते चुकलेले नव्हते. गवताच्या रंगावर याच हाताने विझवले असते, तर शेफील्डात आजवर झाला नाही असा वस्तरा झाला असता.

“चिमट्याचं कोणी सांगितलं तुला?” इनॉकने हळूच विचारले.

रूबेनने एकदम वर बघितले. त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले. मालकाला कळले आहे, हे त्याला कळले.

“कोणी नाही, मालक.”

“काय कुजबुज चाललीय?” हॉलिंगवर्थसाहेबांनी विचारले. ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले होते. “स्टॅनिफोर्थ, निकाल तर उघडच दिसतोय. तुम्हाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा.”

सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि सिद्ध करणे तर डाव्या हाताचा मळ. त्याच भट्टीवर एक पाते कच्च्या हाताने बिघडवून शेजारी ठेवले असते, तर ट्रिकेटलासुद्धा फरक दिसला असता. मग रूबेन तुरुंगात ताग कुटायला जाईल, तिथून परत येईल, आणि दोन वर्षे लंडनला बिनडागाचे वस्तरे जातील. इनॉकचे नाव राहील. त्याने तोंड उघडलेही.

पण त्याच्या हातात ते पाते होते. त्याने मनात प्रयत्न करून पाहिला. समोर रंग आलाय, आयुष्यातला सगळ्यात चांगला रंग, आणि सगळे गाव बघतेय, आणि आपण हात आवरून धरलाय. कोणासाठी? डॉर्कससाठी? नाही. देवासाठीही त्याला ते जमले नसते. आपल्याला जमले नसते, याची त्याला लाज वाटली, आणि या पोराचा अभिमान वाटला. तो साहेबांकडे वळला.

“साहेब, सकाळी मी खोटं बोललो.”

लोक ऐकायला पुढे सरकले.

“मी याला पाणी द्यायला शिकवलं नाही. पाच वर्षांत एकदाही त्या खोलीत येऊ दिलं नाही. याच्या हातात जे आहे, त्यातलं माझं काही नाही.”

“म्हणजे कराराचा भंग तुम्ही कबूल करताय?”

“हो.”

“आणि माझ्यासमोर धादांत खोटं बोललात, तेही?”

“तेही.”

“चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसता तुम्ही, स्टॅनिफोर्थ,” साहेब म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलेले दिसले. “पोटच्या पोरासारखं कोणी विश्वासानं तुमच्या दारात आणून सोडतं, आणि तुम्ही त्याला भारवाही बैल करून ठेवता. लाज वाटायला हवी.”

“वाटते, साहेब.”

मग मात्र अंगणाला तोंड फुटले. कोणी शीळ घातली, कोणी पेला भिंतीवर आपटला. “चोर! पोराची पाच वर्षं खाल्लीस!” ज्यांच्या स्वतःच्या घरी तीन-तीन उमेदवार भांडी घासत होते, तेच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. ट्रिकेटला तर आनंदाने उभे राहवेना. कोबीचा एक देठ उडत येऊन इनॉकच्या खांद्यावर बसला. त्याने तो झटकला नाही.

रूबेन हे बघत होता. त्याने स्वतःवरचे हसणे सोसले होते. हे त्याला सोसवेना. त्याचे ओठ हलले, त्याने फीबीकडे एकदा बघितले, मग डोळे मिटून घेतले आणि एक पाऊल पुढे टाकले.

“साहेब,” तो म्हणाला, “मला एक सांगायचंय. मालक—”

“गप्प बस,” इनॉक म्हणाला.

दुकानात हुकूम सोडताना असे तसाच त्याचा आवाज होता, ना चढा ना हळू. त्या आवाजाला रूबेनचे पाय पाच वर्षांच्या सवयीने जागीच थांबले.

“पण मालक—”

“साहेबांची सही व्हायचीय अजून. तोवर तू माझा उमेदवार आहेस. सांगितलं तेवढं ऐकायचं.”

रूबेन गप्प बसला. हॉलिंगवर्थसाहेबांनी कारकुनाला हाक मारून दौत मागवली.